साडभाऊंचा खड्डा

पाऊस आला की माणसं घरात पळतात, गुरं झाडाखाली जातात आणि आमचे साडभाऊ रस्त्यावर येतात. भर पावसात पाण्याच्या मागे मागे चालत जाऊन ते शेवटी कुठं जातं हे पाहणारा दुसरा माणूस अख्ख्या वऱ्हाडात कुणी मला दाखवावा, मी त्याला घरी बोलावून जेवू घालीन. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडतात, आणि मग तो भाऊ जन्मभर निस्तरावा लागतो. मी निस्तरला, आणि आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, इतका चांगला धंदा मी दुसरा केला नाही.

अकोल्याच्या पाटबंधारे कचेरीत ते आरेखक होते. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीत, आमच्याच कॉलनीत घर बांधलं. आल्याच्या पहिल्याच आषाढात एका दुपारी आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. उघडून पाहतो तर साडभाऊ. धोतराचा सोगा खोचावा तसा पँटचा पायचा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, चष्म्यावरून पाणी गळतंय, आणि हातातली छत्री मिटलेली. मी म्हटलं, "भाऊजी, या ना आत. मागून काहून आले?" तर म्हणाले, "मी नाई आलो मास्तर, पाण्यानं आनलं. आमच्या दारातून निघालं, शाळेला वळसा मारला, अन् तुमच्या न्हानीमागं येऊन घुसलं. तुमच्या गच्चीचा पाईप कोठी सोडला हाय?" मी शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून मी त्यांचा कायमचा मास्तर. गच्चीचा पाईप कुठं सोडलाय हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी तो शोधून काढला, नालीतून उपटला, अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात सोडला आणि चहा न घेता पाण्याच्या पुढच्या प्रवासाला निघून गेले. त्या दिवशी हे पाणी त्यांना एका अगदी अनोळखी घराच्या स्वयंपाकघरापर्यंत घेऊन गेलं, आणि तिथल्या बाईंनी आधी आरडाओरडा केला आणि मग गरम पोळी वाढली, ही हकिगत ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, कपाळाला हात लावत आम्हाला सांगितली.

या वेडाचं मूळ भातकुलीच्या पलीकडे आहे. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहीर खोदा की बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर शिजत नाही, चहा फाटतो, आणि साबणाला फेस म्हणजे काय हे लोकांना लग्न करून बाहेरगावी गेल्यावर कळतं. त्यांची आई पावसाळ्यात टिनाखाली घरातली सगळी भांडी मांडायची, अगदी चमच्याच्या आकाराची पळीसुद्धा. त्या पाण्याला गोडं पाणी म्हणत. ते आल्यागेल्याला, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. घरच्यांनी खारं प्यायचं. साडभाऊ सांगायचे, "मले लहानपनी ताप आला का आनंद व्हायचा मास्तर. गोडं पानी भेटे." असं लहानपण गेलेल्या माणसानं पुढं शहरात राहायला यावं आणि आकाशातून पडलेलं गोडं पाणी रस्त्यावरून, प्लास्टिकच्या पिशव्या सोबत घेऊन, नालीत पडताना पाहावं, मग त्याचा जीव तुटेल नाही तर काय होईल?

पाण्यानंतर त्यांचा जीव झाडांवर होता, पण सगळ्या झाडांवर नाही. आपल्या मातीतलं झाड आणि बाहेरून आणलेलं झाड यांत ते घरचं माणूस आणि फिरता विक्रेता यांच्याइतका फरक करत. बाभूळ, बोर, हिवर, पळस, करंज यांच्याशी ते थांबून बोलत. रस्त्याच्या मधोमध लावलेल्या विदेशी झुडपांकडे पाहून मान फिरवत. लॉनवर तर त्यांनी कधी पाय ठेवला नाही. त्यांच्याच एका भाच्याच्या स्वागत समारंभाला हिरव्यागार लॉनवर खुर्च्या मांडल्या होत्या, तर हे दीड तास कडेच्या फरशीवर उभे. यजमान विनवायला आले तेव्हा म्हणाले, "या गवताले फूल येते? नाई. बी धरते? नाई. सावली पडते? नाई. मंग हे करते काय? पानी पेते अन् फोटोत दिसते." नवरदेव त्या वेळी फोटोसाठीच तिथं उभा होता. त्याला हे आपल्याविषयी वाटलं.

त्यांच्या खिशात सुट्ट्या पैशांच्या जागी बिया असत. चालता चालता वाकायचं, एखादी शेंग उचलायची, हुंगायची, खिशात टाकायची. ताईंचं धुण्याचं यंत्र दोनदा बंद पडलं. दुसऱ्यांदा दुरुस्तीला आलेल्या कारागिरानं तळाची जाळी काढून मूठभर बिया हातावर घेतल्या आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, तुमी कपडे धुता का पेरता?" साडभाऊंनी त्याला चहा पाजला, त्या बियांतली बहाव्याची कोणती आणि करंजाची कोणती हे अर्धा तास समजावून सांगितलं, आणि जाताना त्याच्याही खिशात चार बिया घातल्या.

आपण चुकलो हे सांगायची मात्र या माणसाला कधी लाज वाटली नाही. माझ्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. मांडव कडुनिंबाच्या सावलीत घातला होता. हे आदल्या दिवशी आले, जमीन पाहिली, आभाळ पाहिलं आणि म्हणाले, "अवकाळी येईन. पानी सरळ जेवनाच्या पंगतीत घुसते." सबंध मांडव उपटून त्यांनी उंचवट्यावर, उघड्या माळावर नेला. दुसऱ्या दिवशी आभाळात औषधाला ढग नव्हता. अमरावतीचं ऊन कापडातून गाळून खाली येत होतं आणि वऱ्हाडी मंडळी पापडासारखी भाजत होती. साडभाऊ खांद्यावर ओला टॉवेल टाकून, हातात ताकाचा गडवा घेऊन प्रत्येक पाहुण्यापुढे जात होते आणि म्हणत होते, "चूक माही हाय जी. मांडव म्या हलवला. ताक घ्या." व्याही मला नंतर म्हणाले, लग्नातलं काही आठवत नाही, पण ते ताक आठवतं.

अशा माणसाच्या हाती कॉलनीचा बगीचा गेला, त्याची ही गोष्ट.

नांदगाव पेठेच्या वाटेवर आमची कॉलनी आहे. तिच्या खालच्या टोकाला एक तिकोनी ओपन स्पेस बरीच वर्षं पडून होती. सगळ्या कॉलनीचं पाणी पावसाळ्यात तिथं यायचं आणि भिंतीच्या भोकातून पलीकडे निघून जायचं. तिथं बगीचा करायचं ठरलं. कॉलनीचे अध्यक्ष कापड कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, इस्त्रीचे, आणि मनानं वाईट मुळीच नाही. त्यांचा बेत तयार होता. मुरूम टाकून जागा उंच करायची, वर लॉन, मध्ये कारंजं आणि चार कोपऱ्यांत चार फायबरची हरणं. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. साडभाऊ शेवटच्या रांगेतून उठले.

"जागा उंच केल्यावर पानी कोठी जाईन?"

"जाईल की खाली," अध्यक्ष म्हणाले.

"खाली कोन राह्यते?"

खाली कोण राहतं हे सगळ्यांना माहीत होतं. भिंतीपलीकडे दहा-बारा घरांची रांग होती आणि त्यातल्या पहिल्या घरात शिलाईवाली आपा राहायची. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. फक्त तिच्याकडे जायचा रस्ता पलीकडून होता, त्यामुळे आमचं पाणी तिच्याकडे कुठून जातं हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी जोराची सर आली. साडभाऊंनी अध्यक्षांचं दार वाजवलं, आणि ते नको नको म्हणत असताना त्यांचा हात धरून त्यांना पाण्याच्या मागे चालवलं. मलाही हाक मारली. आम्ही तिघं ओपन स्पेसमधून भिंतीच्या भोकापर्यंत गेलो, मग वळसा घालून पलीकडे आलो. आपाच्या घरात घोट्याच्या वर पाणी होतं. शिलाईचं यंत्र विटांवर चढवलेलं, आपा खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, आणि डोक्यावरच्या दोरीला नवे शिवलेले ब्लाउज लटकत होते. अध्यक्ष एका जांभळ्या ब्लाउजकडे पाहत राहिले. हळूच म्हणाले, "हा आमच्याकडचा दिसतो." आपा म्हणाली, "हाव जी, वयनीचाच हाय. भिजला नाई. आमी भिजलो तरी गिऱ्हाइकाचं कापड भिजू देत नाई."

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनीच सांगितलं की जागा उंच करायची नाही, नकाशा साडभाऊ काढतील. मात्र एक हरीण राहील. तेवढा हट्ट त्यांनी सोडला नाही.

साडभाऊंनी जो नकाशा काढला तो मी अजून जपून ठेवला आहे. जागा उंच करायच्या ऐवजी त्यांनी ती मध्ये आणखी खोल केली होती, ताटासारखी पसरट. कडेनं उंच पायवाट. रस्त्यावरचं पाणी दगडांच्या पायऱ्यांवरून हळूहळू उतरत आत येणार, ताटात थांबणार, जिरणार, आणि भिंतीचं भोक बंद. सगळीकडे आपल्याकडची झाडं, आपल्याकडचं गवत. झाडं आणायला ते स्वतः परतवाड्याला गेले, मेळघाटच्या पायथ्याशी एका ओळखीच्याकडून धावडा, चारोळी, बहाव्याची रोपं घेतली. एसटीत गर्दी होती. कंडक्टर म्हणाला, "काका, हे जंगल खाली ठेवा." साडभाऊ उठले, आपल्या जागेवर रोपं बसवली आणि स्वतः परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत दांडा धरून उभे राहिले. मध्येच कुणीतरी विचारलं, ही सीट कुणाची? तर म्हणाले, "लहान लेकरं हाय बापा, बसू दे."

उन्हाळ्यात खोदकाम झालं आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत ताट भरलं. सगळी कॉलनी पाहायला आली. अध्यक्षांनी भजी तळायला लावली. पाण्यात आभाळ दिसत होतं, पोरंसोरं कागदाच्या होड्या सोडत होती, आणि साडभाऊ पायवाटेवर मुंडाशासारखा टॉवेल बांधून, एखाद्या बाळंतिणीच्या दाराबाहेर बसावं तसे बसले होते. "परवापर्यंत जिरते पाहा," ते मला म्हणाले.

परवा जिरलं नाही. तेरवाही जिरलं नाही. आठवड्यानं पाणी हिरवं झालं, दहा दिवसांनी वास येऊ लागला, आणि संध्याकाळी डासांचा असा आवाज यायचा की वाटावं जवळपास गिरणी सुरू आहे. डोंगरउतारावर वाढणारी ती मेळघाटची लेकरं, पाय पाण्यात बुडवून उभी राहायची सवय त्यांना कुठली? एकेक पान गाळत ती गेली. साडभाऊ रोज सकाळी काठावर उकिडवे बसत, पाण्यात काठी बुडवून खूण पाहत आणि घरी जात. ताई माझ्या बायकोपाशी रडल्या. म्हणाल्या, ताटावर बसतात आणि पोळी हातात घेऊन तशीच ठेवून देतात. कॉलनीत त्यांना खड्डेवाले काका म्हणू लागले. आणि मग नेमके अध्यक्षच तापानं पडले. डासांचाच ताप, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांनी ते उठले ते गालफडं बसलेले, आणि उठताच त्यांनी बैठक बोलावली. विषय एकच, खड्डा बुजवणे.

सभामंडप भरला होता. मला वाटत होतं, साडभाऊ भांडतील. मी मनात चार वाक्यंही जुळवून गेलो होतो. पण ते उठले आणि म्हणाले, "चूक माही हाय. म्या उभी नोकरी कालव्याचे नकाशे काढले. कालव्यात पानी जिरू नये, हे पाहाचं असते. जिरवाचं कसं, ते मले कोनी शिकवलं नाई, अन् म्या बी कधी कोनाले इचारलं नाई. अध्यक्षसाहेब, तुमाले ताप आला तो माह्या नकाशानं आला. बुजवा." एवढं बोलून ते खाली बसले, आणि टॉवेलनं तोंड पुसायला लागले ते बराच वेळ पुसत राहिले. लग्नात ताक वाटत फिरणारा माणूस मला माहीत होता. हा माणूस मी पाहिलेला नव्हता.

तेवढ्यात दाराशी चप्पल काढल्याचा आवाज आला. आपा आली होती, सोबत तिचे यजमान. त्यांना सगळे चाचा म्हणत. आपा आमच्या कॉलनीच्या बैठकीत यायची ही पहिलीच वेळ. ती आत आली नाही. दारातूनच बोलली.

"मले बोलावलं नाई, पर मी आली. साब, तुमच्याकडं मच्छर झाले, बराबर हाय. आमच्या घरी दरसाल मासे यायचे. पंधरा दिवस चूल खाटेवर मांडत होतो आमी. औंदा आमच्या घरात पानी नाई आलं. एक थेंब नाई. तुमी बुजवान, तर ते पानी परत माह्याच घरी येईन. मंग ब्लाउज कोठी शिवू, ते सांगा."

सभामंडपातल्या सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. अध्यक्षांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अंगावर तोच जांभळा ब्लाउज होता की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्या उठल्या आणि आपल्या यजमानांना म्हणाल्या, "एक वर्ष द्या त्यांना. ताप तुम्हाला आला होता, औषध मी देत होते. मी म्हणते, द्या."

बैठक संपली तरी चाचा तिथंच उभे होते. हयातभर त्यांनी भातकुली-दर्यापूरकडे काळ्या मातीत विहिरी खोदल्या होत्या. ते साडभाऊंपाशी आले आणि म्हणाले, "साब, बुरा मत मानो. कागजपर पानी सीधा उतरता. काळीत नाई उतरत. काळी पहले पेते, मंग फुगते, मंग तोंड मिटून घेते. उसके नीचे मुरूम हाय, वो भुका बैठा हाय. काळीले इचारत बसू नका, मुरूमकू रास्ता द्या."

साडभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्यानं आयुष्यभर शोधलेलं माणूस भिंतीच्या पलीकडेच राहत असल्याचं त्याला आत्ताच कळावं. "चाचा," ते म्हणाले, "तुमी दोन महिने पयले काहून नाई आले?"

"तुमी बुलाया किधर?" चाचा म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीनं जे पाहिलं ते तिकीट लावून दाखवावं असं होतं. काळी माती उन्हात तडकते हे आपण सगळे पाहतो. या दोन म्हाताऱ्यांनी ती वाचली. सकाळी ऊन चढायच्या आत दोघं ओपन स्पेसवर यायचे, एकेका भेगेत दगड बांधलेली सुतळी सोडायचे आणि किती गेली ते मोजायचे. भेग जितकी खोल, तितकी काळी माती जाड. भेगा जिथं बारीक आणि उथळ, तिथं मुरूम जवळ. चाचा म्हणायचे इथं, साडभाऊ म्हणायचे तिथं, आणि दोघांचं भांडण इतकं रंगायचं की फिरायला आलेले लोक फिरणं सोडून बाजू घ्यायचे. शेवटी आपाच्या भिंतीच्या बाजूला चाचांनी पहारीनं टोचून दाखवलं. खालून पिवळसर मुरूम वर आला. साडभाऊंनी तो चिमटीत घेतला आणि प्रसाद घ्यावा तसा डोळ्याजवळ नेला.

मग तिथं चर खोदले, काळी माती पार करून मुरमापर्यंत. तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, त्यावर जाड रेती. पाणी थांबलंच तर दोन दिवसांच्या आत जिरलं पाहिजे, म्हणजे डासांना अंडी घालून पोरं मोठी करायला सवड मिळणार नाही, हे अध्यक्षांनी स्वतः डॉक्टरांना विचारून आणलं आणि नकाशावर लाल पेनानं लिहिलं. झाडांच्या बाबतीतही साडभाऊंनी आता विचारायचं ठरवलं होतं. चाचांना विचारलं, तुमच्या विहिरींच्या वाटेवर नाल्याकाठी काय उभं असायचं? चाचांनी डोळे मिटून नावं घेतली. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, निर्गुडी, आणि ओलीत वाळा. ती खाली लावली. बोर आणि हिवर वर, कोरड्यात. बहावाही वर, कारण साडभाऊंचं मन ऐकेना. मेळघाटच्या रोपांच्या सोबत एक पळस लावला होता, तो तेवढा मागच्या वर्षी पाण्यात उभा राहूनही जगला होता. त्याला कुणी हलवलं नाही. अध्यक्षांचं हरीण आलं. साडभाऊंनी हूं की चूं न करता ते स्वतः उचलून नेलं आणि जिथं पवन्या गवत कमरेइतकं वाढणार होतं, बरोबर तिथं बसवलं. पावसाळ्यात त्याची फक्त शिंगं दिसायची. बाहेरगावचे दोन पाहुणे मेळघाटातलं हरीण शहरात आलं म्हणून फोटो काढून गेले, तेव्हा अध्यक्षांइतका खूश माणूस कॉलनीत नव्हता.

श्रावणात सलग दोन दिवस पाऊस लागला. ताट भरलं. या वेळी कुणी भजी तळली नाहीत. छत्र्या घेऊन लोक येत, पाहत आणि कुजबुजत परत जात. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला, तेव्हा पाणी काठाशी होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वीतभर उरलं होतं. चौथ्या दिवशी फटफटलं तेव्हा मी गेलो, तर साडभाऊ आणि चाचा काठावर शेजारी शेजारी बसले होते. समोर नुसता चिखल होता, आणि त्या चिखलावर बगळ्यांच्या पावलांची नक्षी.

"गेलं," साडभाऊ म्हणाले.

"गया नाई साब," चाचा म्हणाले. "नीचे बैठा हाय."

मी मागच्या मागे परतलो. काही वेळा माणसांच्या मध्ये जाऊन उभं राहू नये एवढं मास्तरांनाही कळतं.

त्यानंतरची चार वर्षं साडभाऊंच्या आयुष्यातली बहुधा सर्वांत चांगली वर्षं होती. अकोल्याहून जुने सहकारी आले की ते त्यांना चहाच्या आधी खड्डा दाखवत. हो, खड्डाच. बगीचा हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. नाव लिहिलेली पाटी लावायचा ठराव झाला तेव्हा म्हणाले, "पाटी लावली का लोक पाटी वाचते, झाड पाहत नाई." आम्ही आग्रह केला नाही, आणि आज मला त्याचं वाईट वाटतं.

मागच्या वर्षी ताईंच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा दवाखाना आला. मुलगी पुण्यात, तिनं दोघांना नेलं. जायच्या दिवशी सामान गाडीत चढलं, आपा डोळे पुसत दारात उभी होती, चाचा छडी टेकत आले होते. मी म्हटलं, "भाऊजी, वेळ आहे. खड्ड्यावरून एक चक्कर मारून येऊ." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "नको मास्तर. गेलो तर थांबीन. हिले दवाखान्यात पोचवाचं हाय." आणि ताईंच्या पायांवर चादर नीट करून ते गाडीत बसले.

मुलीचं घर बाराव्या मजल्यावर आहे. फोनवर ते तिथल्या सगळ्या गोष्टींचं कौतुक करतात. जावई चांगला, लिफ्ट चांगली, दवाखाना जवळ, ताईंचा चेहरा आता उतरलेला नाही. एकदाच म्हणाले, "अठी एक भल्लं वेगळं हाय. पाऊस पडतानी दिसते मास्तर. गेलेला दिसत नाई."

परवा दुपारी अमरावतीत जोराचा पाऊस झाला. त्यांना तिकडे कसं कळलं कोण जाणे, फोन आला. "मास्तर, बाहेर हाय का?" मी घरात होतो, पण हो म्हणालो आणि छत्री घेऊन निघालो. शाळेपासून सांगायला सुरुवात केली. शाळेचं वळण घेतलं बघा पाण्यानं. आता दगडांच्या पायऱ्यांवरून उतरतंय, गढूळ आहे पण वेग कमी झालाय. निर्गुडीच्या बुंध्याशी आलं. जांभळाखाली पानं तरंगताहेत. पळसाला वळसा घातला. ते नुसते "हं" म्हणत होते. मी चालत होतो, सांगत होतो. कडेच्या पायवाटेवरून मी पार भिंतीपर्यंत गेलो, वरून डोकावलो आणि म्हटलं, "आपाच्या ओसरीत कोरडं आहे भाऊजी. बाज बाहेरच टाकलेली आहे."

पलीकडून हं आलं नाही. मी दोनदा हाक मारली. मग ताईंचा आवाज आला, अगदी हळू. "झोपले हो ते, भाऊ. खुर्चीतच. किती दिवसांनी दुपारचा डोळा लागला त्यांचा."

मी फोन खिशात ठेवला. पाऊस ओसरत आला होता आणि मला घरी जाता आलं असतं. पण ताट अजून भरत होतं, म्हणून थांबलो.